युरोपचा गॅस: मार्ग किती ते मोजू नका, गॅस उलटा फिरतो का ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. युरोपने रशियाचा गॅस सोडून नॉर्वे, अझरबैजान, अल्जीरिया, एलएनजी (खूप थंड करून द्रव केलेला, जहाजाने आणता येणारा गॅस) असे पर्याय शोधले हे सगळ्या नोट्समध्ये असतं, पण आता त्यांचा निम्म्याहून जास्त एलएनजी अमेरिकेतून येतो, मग हे एकाच्या दारातून उठून दुसऱ्याच्या दारात बसणं नाही का? आणि अजून चार पाइपलाइन टाकून एकदाचा विषय का संपवत नाहीत? शेवटी भारताला याच्याशी काय घेणंदेणं हेही विचारलंय. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातून प्रश्न आलाय असं दिसतंय, आणि प्रश्न बरोबर आहे, फक्त तो ज्या नकाशावरून विचारलाय तो नकाशा थोडा फसवा असतो.

मी नेदरलँड्समध्ये गॅस शेड्युलिंगचं काम करते. कंपनीने घेतलेला गॅस कुठल्या बॉर्डर पॉइंटवरून कुठे, कुठल्या तासाला किती जाणार हे नेटवर्क चालवणाऱ्यांना कळवायचं आणि कुठे काही बंद पडलं की सगळं परत जुळवायचं. आमचा दिवस कॅलेंडरचा नसतो, सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा असतो. धोरण ठरवणाऱ्यांपैकी मी नाही त्यामुळे राजकारणावर माझं मत तुमच्या मताइतक्याच किमतीचं, पण ठरलेलं धोरण पाइपमध्ये उतरल्यावर काय होतं ते रोज बघते.

आधी एक गोष्ट सुटी करू. मार्ग वाढवणं वेगळं आणि विकणारे वाढवणं वेगळं. नोट्समध्ये दोन्ही एकाच मुद्द्यात कोंबलेलं असतं. नॉर्ड स्ट्रीम 1 घ्या, 2011 ला सुरू झाली, रशियातल्या व्हायबोर्गजवळून बाल्टिक समुद्राच्या तळाने थेट जर्मनीत लुबमिनला, क्षमता वर्षाला 55 अब्ज घनमीटर (आम्ही सगळे बीसीएम म्हणतो). मग 2020 ला टर्कस्ट्रीम, काळ्या समुद्राखालून, 31.5 बीसीएम. या दोन्ही त्या वेळी 'मार्गांचं वैविध्य' म्हणूनच मांडल्या गेल्या, कारण युक्रेनवरून येणाऱ्या गॅसवर भांडणं व्हायची, मग युक्रेनला वळसा घालू. मार्ग खरंच वाढले, विकणारा मात्र तोच राहिला आणि युक्रेनची गरज संपल्यावर त्याचा हात उलट मोकळा झाला. त्यामुळे परीक्षेत कोणी 'मार्ग' असा शब्द वापरला की पहिल्यांदा विचारा, त्या पाइपच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय.

आता 2009 कडे जाऊ, कारण युरोपची आजची व्यवस्था त्या जानेवारीतून आलीये. रशिया-युक्रेनचं दराचं भांडण पेटलं आणि ऐन थंडीत साधारण दोन आठवडे युक्रेनमार्गे येणारा गॅस बंद. तेव्हा रशियाचा युरोपला जाणारा सुमारे 80 टक्के गॅस त्याच वाटेने जायचा. सगळ्यात जास्त मार बल्गेरिया आणि स्लोव्हाकियाला बसला. स्लोव्हाकियाने तर युरोपियन युनियनला दिलेल्या शब्दाप्रमाणे आठवड्याभरापूर्वी बंद केलेली बोहुनित्सेची अणुभट्टी पुन्हा चालू करायची तयारी केली होती. गंमत म्हणजे त्याच वेळी जर्मनीत गॅस होता, नॉर्वेचा होता, साठवणुकीत होता, फक्त तो पूर्वेला जाऊ शकत नव्हता, कारण सगळं जाळं पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहण्यासाठी बांधलेलं होतं. शेवटी चेक प्रजासत्ताकातून उलटा प्रवाह जुळवून स्लोव्हाकियाला गॅस दिला गेला आणि तोवर भांडणही मिटत आलेलं होतं.

त्यातून 2010 चा कायदा आला. एक, देशातली सगळ्यात मोठी गॅसची वाट बंद पडली तरी उरलेल्या वाटांनी वीस वर्षांतून एकदा येते तसल्या कडाक्याच्या थंडीच्या दिवसाची गरज भागली पाहिजे, याला एन-उणे-एक म्हणतात. दोन, बॉर्डरवर दोन्ही दिशांनी वाहण्याची सोय पाहिजे. कल्पना उत्तम, पण ही परीक्षा पाइप फुटला तर काय एवढंच विचारायची, विकणाऱ्याने सगळ्या पाइपांमधून एकदम देणं थांबवलं तर काय हे त्या गणितात नव्हतंच. जर्मनी त्यात आरामात पास व्हायचा. एवढ्या वाटा, एवढी साठवणूक! आणि 2021 मध्ये त्याच जर्मनीचा निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा होता, देशात एकही एलएनजी टर्मिनल (जहाजातून द्रव उतरवून त्याचा परत वायू करायचं ठिकाण) नव्हतं, आणि देशातली सगळ्यात मोठी साठवणूक, रेहडेनची, गॅझप्रॉम या रशियाच्या सरकारी गॅस कंपनीच्या मालकीची होती जी त्या शरद ऋतूत जवळपास रिकामी ठेवलेली होती. इथे आमच्या धंद्यातल्या लोकांनीही तेव्हा 'बाजारातले दर बघून भरत नसतील' असंच म्हटलं होतं, आणि ते अगदी खोटंही नव्हतं, कारण उन्हाळ्यात गॅस महाग आणि हिवाळ्याचा स्वस्त असेल तर कुठलाच व्यापारी साठा करत नाही.

2022 मध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत असेल म्हणून पटकन. 27 एप्रिलला पोलंड आणि बल्गेरियाचा गॅस बंद (रूबलमध्ये पैसे द्यायला नकार), जूनपासून नॉर्ड स्ट्रीमचा प्रवाह टर्बाइनचं कारण सांगत आधी 40 टक्के मग 20 टक्के, ऑगस्ट संपताना शून्य, 26 सप्टेंबरला समुद्रात स्फोट. ऑगस्टच्या शेवटी गॅसच्या डच घाऊक बाजारात, म्हणजे टीटीएफवर, मेगावॅट-तासाला 300 युरोच्या वर भाव बघितलाय आम्ही, जिथे आधीची कित्येक वर्षं वीसच्या आतबाहेर असायचा.

मग ती जागा भरली कशी? 2021 मध्ये रशियाकडून पाइपने साधारण 140 बीसीएम आणि जहाजांनी 15 च्या आसपास येत होता, म्हणजे आयातीच्या 45 टक्के. सगळे एलएनजीचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे, अमेरिकेचा एलएनजी एका वर्षात दुपटीहून जास्त झाला, विल्हेल्म्सहाफेनला जर्मनीने वर्षाच्या आत तरंगतं टर्मिनल उभं करून डिसेंबर 2022 ला पहिला गॅस घेतला, नेदरलँड्सने एम्सहाफेनला त्याच्याही आधी. पण युरोपियन युनियनचा एकूण वापर 2021 ला 410 बीसीएमच्या आसपास होता तो 2023-24 ला 330 च्या आसपास आला. म्हणजे जी पोकळी पडली तिच्या निम्म्याहून जास्त गॅस कोणीच पुरवला नाही, तो वापरलाच गेला नाही. त्यात सोलर, वारा, हीट पंप, घरातलं थर्मोस्टॅट खाली करणं हे सगळं आलं आणि बंद पडलेले कारखानेही आले, लुडविग्सहाफेनला बीएएसएफने अमोनियाचा एक प्लांट कायमचा बंद केला तो याच हिशोबात. नोट्समध्ये 'पर्यायी स्रोत' खाली ही ओळ कुठेच नसते, माझ्या मते पहिली असायला हवी, आणि तिच्यात अभिमान आणि दुखणं दोन्ही आहे हेही लिहायला हवं.

आता माझ्या कामाचा भाग, जरा लांबेल.

अजून चार पाइपलाइन का टाकत नाहीत याचं उत्तर असं की बऱ्याच ठिकाणी पाइप आहेच, त्यातून हव्या त्या दिशेने गॅस जात नाही हे दुखणं आहे. पहिलं कारण कॉम्प्रेसर. गॅस पाइपमधून ताशी तीस-चाळीस किलोमीटरने जातो आणि ठरावीक अंतरावर त्याला परत दाबावं लागतं, ती स्टेशनं एका दिशेसाठी बांधलेली असतात, उलटं करायचं तर व्हॉल्व्ह, मीटर, जोडण्या सगळं बदलायला लागतं. त्याआधी लोक काय करायचे तर कागदी उलटा प्रवाह, आम्ही त्याला बॅकहॉल म्हणतो. समजा रोज शंभर युनिट पूर्वेकडून पश्चिमेला वाहतायत आणि मला वीस युनिट पूर्वेला पाठवायचे आहेत, तर प्रत्यक्ष काहीच पाठवायचं नाही, पूर्वेतल्या गिऱ्हाइकाने तिथेच वीस काढून घ्यायचे आणि पुढे ऐंशीच येऊ द्यायचे. कागदावर माझे वीस पोचले. झकास चालतं, जोवर मूळचे शंभर वाहतायत तोवर! ते बंद पडले की त्याच क्षणी माझा उलटा प्रवाहही संपला, म्हणजे नेमक्या संकटाच्या दिवशी. म्हणून कुठल्या रिपोर्टमध्ये दोन्ही दिशांची क्षमता असं वाचलं की ती प्रत्यक्षातली आहे का कागदी, आणि पक्की आहे का कधीही कापता येईल अशी, हे बघितल्याशिवाय मी तो आकडा धरत नाही.

दुसरं कारण ऐकून हसाल. वास. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घालतात. फ्रान्स तो देशाच्या मुख्य नेटवर्कमध्ये शिरतानाच घालतो, जर्मनी शेवटी गावातल्या वितरणाच्या टप्प्यावर घालतो. त्यामुळे फ्रान्समधून जर्मनीत गॅस पाठवायचा तर तो वासासकट जाणार, त्यातलं सल्फर तिथल्या काही कारखान्यांना आणि साठवणुकींना चालत नाही. एवढे दोन मोठे शेजारी, मध्ये जाडजूड पाइप, आणि फ्रान्सकडून जर्मनीकडे थेट गॅस पहिल्यांदा गेला तो ऑक्टोबर 2022 मध्ये, ओबरगाइलबाख-मेडेल्सहाइमच्या पॉइंटवरून, तोही मर्यादित.

तिसरं, सगळा गॅस सारखा नसतो. इथल्या ग्रोनिंगेन या गॅसक्षेत्रातल्या गॅसमध्ये नायट्रोजन जास्त, उष्णता कमी, आणि नेदरलँड्स, उत्तर-पश्चिम जर्मनी, बेल्जियम, उत्तर फ्रान्समधले लाखो बॉयलर त्याच गॅससाठी बनवलेले. गॅस काढल्यामुळे होणाऱ्या भूकंपांमुळे (2012 ला हाउझिंगेला 3.6 चा झाला तो निर्णायक ठरला) ते क्षेत्र ऑक्टोबर 2023 ला थांबवलं आणि 2024 ला कायद्याने कायमचं बंद केलं. आता बाहेरून आलेल्या जास्त उष्णतेच्या गॅसमध्ये कारखान्यात नायट्रोजन मिसळून तो 'बिघडवावा' लागतो, नाहीतर घरोघरी जाऊन बर्नर बदलावे लागतात, जर्मनीत ते काम अजून चालूच आहे. लोक विचारतात ऐन संकटात ग्रोनिंगेनचा नळ का सोडला नाही. ज्यांच्या घरांच्या भिंतींना तडे गेले त्यांना ते विचारून बघा.

चौथं कारण पैसे. प्रत्येक देशातून बाहेर पडताना आणि पुढच्यात शिरताना फी लागते. जर्मनीने 2022 ला साठे भरताना जो तोटा झाला तो वसूल करायला एक लेव्ही (अधिभार) लावली आणि ती बॉर्डरवरून बाहेर जाणाऱ्या गॅसलाही लावली. म्हणजे ऑस्ट्रिया आणि चेकला रशियाचा गॅस सोडा असं सांगायचं आणि जर्मनीतून घ्यायला गेलात की वर कर. आमच्या स्क्रीनवर ते स्पष्ट दिसायचं, दरातला फरक त्या लेव्हीतच खाल्ला जायचा. बरीच ओरड झाल्यावर 1 जानेवारी 2025 पासून बॉर्डरवरची ती काढली.

तर इथपर्यंतचं सांगायचं म्हणजे विकणारा, पाइप, दिशा, दर्जा आणि फी हे पाचही जुळले तर तो पर्याय, नाहीतर नकाशावरची रेघ.

आता अमेरिकेचा मुद्दा. अवलंबित्व वाढलंय हे खरंच आहे, त्यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही. फक्त ते वेगळ्या जातीचं आहे. गॅझप्रॉम ही एक कंपनी, एका सरकारच्या हातात, ठरावीक पाइपच्या शेवटी ठरावीक गिऱ्हाईक. अमेरिकेत अनेक टर्मिनलं, अनेक विकणारे, आणि त्यांच्या करारांमध्ये बहुतेक वेळा जहाज कुठेही वळवायची मुभा घेणाऱ्याला असते. ही मुभा युरोपला 2022 ला वाचवून गेली, पण तीच मुभा दुसरीकडे जास्त भाव मिळाला की जहाज वळवायलाही असते. एक मोठं जहाज भरून आलं की वायूच्या रूपात साधारण 0.1 बीसीएम होतो, म्हणजे एका नॉर्ड स्ट्रीम 1 ची बरोबरी करायला वर्षाला साडेपाचशेच्या घरात जहाजं, दिवसाला दीड, आणि प्रत्येक जहाजाला जपान, कोरिया, चीन, आपण सगळे बोली लावू शकतो.

म्हणून गॅस मिळण्याची जोखीम कमी झाली आणि भावाची जोखीम वाढली असं मी म्हणेन. जून 2022 ला टेक्सासमध्ये फ्रीपोर्टच्या टर्मिनलवर आग लागली आणि युरोपातला भाव उडाला, हे तरी समजण्यासारखं. ऑगस्ट 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एलएनजी कामगारांनी संपाची नुसती नोटीस द्यायची चर्चा केली तर टीटीएफ त्या दिवशी मध्येच 40 टक्क्यांच्या आसपास वर गेला होता, आणि ऑस्ट्रेलियाचा गॅस युरोपात जवळपास येतच नाही! पण तो थांबला तर जपान अमेरिकेची जहाजं मागणार, म्हणून. उद्या अमेरिकेच्या सरकारनेच निर्यातीवर काही अट घातली तर? शक्यता शून्य नाही, आणि आमच्या इथे ती आता कोणी हसण्यावारी नेत नाही. पण मग नॉर्वेही बघा, आज युरोपियन युनियनचा सगळ्यात मोठा पुरवठादार, आयातीचा 30 टक्क्यांच्या आसपास वाटा, एकदम विश्वासू शेजारी. जून 2024 ला त्यांच्या स्लाइपनर प्लॅटफॉर्मवर दोन इंची पाइपला चीर गेली आणि न्याहाम्नाचा प्रक्रिया कारखाना बंद ठेवावा लागला, ब्रिटनकडे जाणारी लँगेलेड लाइन थांबली. मित्राची पाइपसुद्धा पाइपच असते.

कुठल्या देशाबद्दल विचारताय यावर उत्तर पार बदलतं हेही सांगून टाकते, 'युरोप' असं एकगठ्ठा उत्तर नाहीये. स्पेनकडे युनियनमधली सगळ्यात जास्त एलएनजी टर्मिनलं, वर अल्जीरियाहून मेडगाझ पाइपलाइन, पण पिरेनीज पर्वताच्या पलीकडे फ्रान्सला जाणारी जोडणी वर्षाला सात बीसीएमच्या आसपासची. गावात सात विहिरी आणि शेजारच्या गावाला जायला एक पायवाट, असा प्रकार. पोलंडने उलट शांतपणे वर्षानुवर्षं तयारी केली, श्विनोउइश्चेचं टर्मिनल, मग नॉर्वेहून डेन्मार्कमार्गे बाल्टिक पाइप, जिचं उद्घाटन नॉर्ड स्ट्रीमच्या स्फोटांच्या दुसऱ्याच दिवशी झालं. लिथुआनियाने 2014 लाच क्लायपेदाला तरंगतं टर्मिनल आणून ठेवलं होतं आणि त्याला 'इंडिपेंडन्स' असं नाव दिलं, तेव्हा महाग पडतंय म्हणून टीका करणारे भरपूर होते. बल्गेरियाची ग्रीसशी जोडणी 2009 ला ठरली, सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडलं, 182 किलोमीटरची पाइप आणि तेरा वर्षं, यातला इंजिनिअरिंगचा भाग किती आणि बाकीचा किती तुम्हीच ठरवा. तिच्यातून अझरबैजानचा गॅस येतो, पण तुमच्या नोट्समधला तो 'दक्षिण कॉरिडॉर' इटलीपर्यंत पोचतो तेव्हा 10 बीसीएमच्या क्षमतेचा असतो, रशियाच्या जागी उभं राहण्याएवढा नाही, बाल्कनसाठी मात्र फार महत्त्वाचा.

1 जानेवारी 2025 ला युक्रेनमार्गे येणारा उरलासुरला गॅस, वर्षाला 15 बीसीएमच्या आसपास, करार संपल्यामुळे थांबला. ही खरी चाचणी होती आणि 2009 शी तुलना करायची तर हीच करा. ऑस्ट्रियाचा पुरवठा तर नोव्हेंबरमध्येच तुटला होता, काही अंधार पडला नाही. स्लोव्हाकियाने आरडाओरडा खूप केला पण तिथली घरं थंड पडली नाहीत, त्यांचं खरं दुखणं ट्रान्झिटची, म्हणजे आपल्या देशातून गॅस पुढे जाऊ देण्याची कमाई गेली हे होतं. गारठली ती मोल्दोव्हातली फुटीर ट्रान्सनिस्ट्रिया, जिथे खरंच हीटिंग आणि गरम पाणी गेलं, कारण तिथे पर्यायी गॅस विकत घेण्याची ना सोय होती ना राजकीय इच्छा. मी त्या आठवड्यात ड्युटीवर होते आणि खरं सांगायचं तर काम कंटाळवाणं झालं, नॉमिनेशनं (कुठून किती गॅस जाणार हे कळवलेले आकडे) बदलली, भाव थोडा चढला, बस.

आता पाइपने रशियाचा गॅस युनियनमध्ये येतो तो फक्त टर्कस्ट्रीममधून, आणि रशियाच्याच यामाल एलएनजीची जहाजं बेल्जियम-फ्रान्सला अजून लागतात. युनियनने दोन्ही 2027 पर्यंत बंद करायचं ठरवलंय. साठ्याचा नियमही आहे, 2022 ला नोव्हेंबरपर्यंत 80 टक्के, त्यानंतर 90, जो 2025 मध्ये तारखांच्या बाबतीत सैल केला, कारण सगळ्यांना एकाच तारखेला टाकी भरायला लावली की विकणारे तोवर भाव चढवून ठेवतात.

भारताचं म्हणाल तर थेट संबंध आहे आणि तो कडू आहे. गेल (GAIL) या आपल्या सरकारी गॅस कंपनीचा गॅझप्रॉमच्या सिंगापूरच्या उपकंपनीशी 20 वर्षांचा एलएनजी करार होता. ती उपकंपनी गॅझप्रॉमच्या जर्मन शाखेखाली, आणि एप्रिल 2022 ला जर्मन सरकारने ती शाखाच ताब्यात घेतली, पुढे तिचं नाव सेफे झालं. रशियाने तिला गॅस देणं बंद केलं, आणि गेलची ठरलेली जहाजं येणं थांबलं, गेलला भारतातल्या खत कारखान्यांचा पुरवठा कापावा लागला. लवाद झाला आणि जानेवारी 2025 मध्ये सेफेने 28.5 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्याच 2022 च्या जुलैमध्ये पाकिस्तानच्या एलएनजी टेंडरला एकही बोली आली नाही आणि बांगलादेशने स्पॉटची (लांबच्या कराराशिवाय, त्या वेळच्या भावाने होणारी) खरेदीच थांबवली, लोडशेडिंग झालं. युरोपने जी जहाजं ओढली ती कुठून तरी कमी झाली होती. त्यामुळे निबंधात 'युरोपने यशस्वीपणे विविधीकरण केलं' असं लिहिणार असाल तर त्याचं बिल कोणी कोणी भरलं याचा एक परिच्छेद जोडा, परीक्षक वाचेल न वाचेल, पण तुमच्या मूळ प्रश्नाचा राहिलेला भाग तिथेच आहे.